धडा तोंडपाठ, पण नवा शब्द वाचता येत नाही: मूल नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

पहिलीच्या वर्गात दिवाळीनंतर ही अडचण हमखास समोर येते. मूल पुस्तक उघडतं, ओळीखाली बोट ठेवतं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणतं. घरचे खूश असतात. नोंदवहीत ‘वाचन चांगले’ असं लिहून झालेलं असतं. मग त्याच धड्यातला एक शब्द आपण फळ्यावर एकटाच लिहितो आणि मूल गप्प होतं. आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

मी खानदेशातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र सांभाळते. दरवर्षी अशी चार-पाच मुलं असतात. कितीतरी वर्षं मी त्या सगळ्यांना एकच उपाय केला: पुन्हा बाराखडी, पुन्हा दहा-दहा वेळा लेखन. दोघांना उपयोग व्हायचा, बाकीची तिथेच राहायची. कारण ‘वाचता येत नाही’ ही एक अडचण नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या पाच-सहा वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. मुलाशेजारी बसून, त्याचं वाचन कान देऊन ऐकल्याशिवाय कोणती ते कळत नाही.

आधी खात्री करून घ्या

पुस्तकातला धडा घेऊन तपासू नका, तो पाठ असतो. वर्गात तीस वेळा म्हटलेला मजकूर मुलाला पाठ होतो यात मुलाची काही चूक नाही, उलट स्मरणशक्ती चांगली असल्याची ती खूण आहे. तपासायला चार ओळी स्वतः लिहा. जोडाक्षर नको, चित्र नको, शब्द मुलाच्या ओळखीचे हवेत. मी हे वापरते:

आई बाजारात गेली. तिने लाल गाजर आणले. बाबा घरी नाहीत. ताईने गाजर कापले.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात पहिलीच्या अखेरीचं जे लक्ष्य आहे, त्यातही ‘अनोळखी मजकूर’ हाच शब्द महत्त्वाचा आहे: वयाला साजेशा अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं मुलाने वाचावीत. तिसरीसाठी मिनिटाला 60 शब्दांचं लक्ष्य आहे. त्या आकड्यामुळे पहिलीतच घड्याळ लावून बसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. पहिलीतल्या मुलाने एका शब्दावर अर्धा मिनिट घालवला तर त्या अर्ध्या मिनिटात ते काय करतंय हेच तर आपल्याला बघायचं आहे.

मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात दहापर्यंत मोजा. हे फार कठीण जातं, अजूनही माझ्या तोंडून शब्द निसटतो. पण सांगितलात की तपासणी तिथेच संपली.

‘के’ म्हणायला ‘क’पासून चढणारं मूल

फळ्यावर ‘के’ लिहा आणि मुलाचे ओठ बघा. काही मुलं अगदी हळू पुटपुटतात: क, का, कि, की, कु, कू, के. सातव्या पायरीवर पोहोचली की मोठ्याने ‘के!’ म्हणतात. उत्तर बरोबर असतं, म्हणून आपण पुढे जातो. पण या मुलाला ‘के’ वाचता येत नाही, त्याला बाराखडीचा जिना चढता येतो. ‘केळे’ वाचायला त्याला दोन जिने चढावे लागतात आणि दुसरा चढेपर्यंत पहिला विसरलेला असतो.

या मुलाला अजून बाराखडी म्हणायला लावणं म्हणजे जिना अधिक पक्का करणं. जरा हिशोब करा: मराठीत 34 व्यंजनं, बाराखडीतली बारा रूपं, म्हणजे 408 आकार. ते वेगवेगळे पाठ करायचे असतील तर वर्ष पुरणार नाही. पण मुलाला एकदा कळलं की काना कुठेही लागला तरी तेच करतो, तर ओळखायची असतात 34 अक्षरं आणि मोजक्या खुणा.

म्हणून मी आता थोडी अक्षरं आणि दोन खुणा एकदमच घेते. क, म, ल, स आणि त्यासोबत काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यातून काम, मका, माल, साल, मला, कमी, मामी, काकी, कमाल, सलाम, मसाला असे शब्द तयार होतात. पहिल्या पंधरा दिवसांत मुलाने ‘मसाला’ स्वतः वाचला की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते ‘क कमळाचा’ वर्षभर म्हणून दिसत नाही. क पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं संपल्याशिवाय शब्दाला हात लावायचा नाही, हा आग्रह मी पूर्ण सोडला आहे.

आणि घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर महिन्याने दुसरं आणा. निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

अक्षर दिसतं, खूण दिसत नाही

हे मूल ‘काम’ला ‘कम’ म्हणतं, ‘किती’ला ‘कती’. त्याची नजर जाड आकारावर असते, वरखालची रेघ त्याच्या हिशोबात नसते. त्यातही पहिली वेलांटी सगळ्यांत अवघड, कारण ती अक्षराच्या डावीकडे लागते आणि तिचा आवाज मात्र नंतर येतो. मूल ‘कि’ लिहिताना आधी क काढतं, मग वेलांटीला जागाच उरत नाही. त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं, इतकंच झालेलं असतं.

इथे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कामाला येतो. एका पट्टीवर ‘प’ आणि ‘र’ मध्ये जागा सोडून लिहा. काना, वेलांट्या, उकार, मात्रा यांचे तुकडे कापा. तुकडा लावायचा आणि वाचायचं: पर, पार, पीर, पूर, पोर. तसंच तर, तार, तीर, तूर. एकाच खुणेने शब्द बदलतो, अर्थ बदलतो, हे हाताने करून बघितलेलं मूल खूण विसरत नाही. ‘तूर’ निघाली की आमच्याकडची पोरं लगेच शेतात पोहोचतात, मग दोन मिनिटं तुरीच्या शेंगांवर गप्पा होतात. त्या होऊ द्या.

सुटं येतं, जुळत नाही

‘क… म… ळ’ असं प्रत्येक अक्षर बरोबर म्हणणारं आणि शेवटी ‘कम्म… मका?’ विचारणारं मूल तुमच्याही वर्गात असेल. इथे मला स्वतःला फार उशिरा लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. आपण सुटं अक्षर म्हणताना प्रत्येकात ‘अ’ लांबवतो: कऽ, मऽ, ळऽ. पण बोलताना शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण उच्चारतच नाही. मुलाने प्रामाणिकपणे जोडलं तर ‘कमळऽ’ असं काहीतरी होतं. असा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नसतो, मग ते अंदाज करायला लागतं.

शब्दाच्या मध्येही हेच. ‘बसला’ आपण ‘बस्ला’ म्हणतो. ‘तो खाली बसता झाला’ आणि ‘लग्नाचा बस्ता’ म्हणून बघा, कानाला फरक जवळजवळ नाही. म्हणून एखाद्या मुलीने ‘बसला’ हा शब्द ‘बस्ला’ असा लिहिला तर मी लाल खूण करत नाही. तिचा कान तयार झालाय असं तिच्या पानावर लिहिते.

चाक आणि चार, जाळं आणि जेवण यांतला च आणि ज वेगळा वाजतो, हेही कधीतरी मुलं आपणहून विचारतात. ज्या दिवशी विचारतात त्या दिवसाची नोंद मी तारखेसह ठेवते.

उपाय कागदावर नाही, तोंडी आहे. रोज पाच मिनिटं मी ‘तुटक्या बाईं’चा खेळ घेते. मी म्हणते, “मला आज खायचीय भा… क… री.” मुलं जोडून ओरडतात. मग उलटं: मी ‘चिमणी’ म्हणते आणि ती चिंचोके मांडतात, एका तुकड्याला एक. तीन चिंचोके. ‘आई’ला दोन. ज्याला चिंचोके मांडता येत नाहीत त्याला अक्षर जोडता येणार नाही, हे जवळजवळ ठरलेलं. चिंचोके, शिंपले, बिया, पानं ही साधनं नवी नाहीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं होतं. छापील संच नसला म्हणून काही अडत नाही.

चूक वाटते, पण चूक नसते

एक मुलगी ‘डोळा’ला ‘डोया’ वाचायची, ‘काळा’ला ‘काया’, ‘पाणी’ला ‘पानी’. मी चार महिने तिच्या नावापुढे ‘ळ, ण ओळखत नाही’ असं लिहीत राहिले आणि तिला ‘ळ’ गिरवायला देत राहिले. ती निमूट गिरवायची. एकदा मी फळ्यावर ल, ळ, य लिहून नुसतं म्हटलं, “डोळ्यातला दाखव.” तिने क्षणात ळवर बोट ठेवलं. तिला ळ पहिल्यापासून येत होता. तिच्या घरी, गल्लीत, आजीच्या तोंडी तो ‘य’ असाच वाजतो, कारण घरची भाषा अहिराणी आहे. ती अक्षर बघून तिच्या भाषेतला बरोबर शब्द म्हणत होती आणि मी त्याला चूक म्हणत होते. त्या चार महिन्यांत ती वर्गात बोलेनाशी झाली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून उच्चाराची तपासणी आणि वाचनाची तपासणी वेगळी ठेवा. शंका आली की तोंडाने म्हणायला नको, बोटाने दाखवायला सांगा. प्रमाण उच्चार हळूहळू कानावर पडून येतात, त्यासाठी वाचन अडवून धरू नका.

यातलाच एक जरा वेगळा प्रकार: मजकुरात ‘माझे घर’ आहे आणि मूल वाचतं ‘मनं घर’. इथे त्याने अर्थ पकडून आपल्या भाषेत सांगितला. ही फार मोठी गोष्ट आहे. वर्गातली काही मुलं अक्षर न अक्षर बरोबर वाचतात आणि काय वाचलं विचारलं तर गप्प बसतात. ‘मनं घर’ म्हणणाऱ्याला आधी शाबासकी द्या, मग विचारा, “यात ‘झ’ कुठंय बघ बरं.” दाखवला तर ते वाचून भाषांतर करतंय. नाही दाखवला तर अंदाज करतंय. दोन्हींची नोंद वेगळी होते. वारली, पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतील तर हा भाग माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लागेल, कारण तिथे नुसता उच्चार नाही, शब्दच वेगळे असतात.

डोळे, कान आणि हजेरी

हे आधीच बघायला हवं, पण बहुतेक वेळा शेवटी सुचतं. फळ्यावरचं चुकतं आणि वहीतलं बरोबर येतं का? पाठमोरं उभं राहून हळू हाक मारली तर मूल वळतं का? शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव काढून सांगा. सगळ्यांच्या रांगेत ते निसटू शकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचं अडणं हे न शिकलेल्या भागाचं अडणं असतं. त्यांना ‘मागे पडलेली’ म्हणण्याआधी ती कुठपर्यंत शिकून गेली होती ते पान काढून बघा. अर्थात पान असेल तर.

पान कसं ठेवायचं

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाच्या सगळ्या बाजू बघत राहणं, आलं आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणं आलं. त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण तयार नोंदींच्या याद्या हातात आल्या आणि ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’ हे वाक्य अठ्ठावीस मुलांपुढे अठ्ठावीस वेळा उतरलं. त्या वाक्यावरून कोणतं मूल कोणतं ते सांगता येत नाही. मीही ते केलं आहे, वेळ नव्हता म्हणून.

आता मी दोनशे पानी वहीत एकेका मुलाला सहा पानं देते. रोज परिपाठानंतर दोन मुलं, प्रत्येकी पाच-सात मिनिटं, बाकीच्यांना तेवढा वेळ चित्र किंवा मातीकाम. अठ्ठावीस मुलं चौदा दिवसांत होतात, म्हणजे महिन्यात प्रत्येकाशी एकदा नक्की, कधी दोनदा बसणं होतं. लिहायचं फक्त तीन गोष्टींविषयी: काय वाचायला दिलं, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं. विशेषणं नकोत. ‘हुशार’, ‘कच्चा’, ‘बरा’ हे शब्द मी त्या वहीत लिहीत नाही.

एका मुलाच्या पानावरच्या ओळी जशा आहेत तशा देते.

ऑगस्ट: ‘के’साठी क पासून म्हणत गेला. ‘का’ मात्र थेट.

सप्टेंबर: का, की थेट. ‘मामी’ वाचलं. ‘मका’ला ‘मामा’ म्हणाला, पहिलं अक्षर बघून.

सप्टेंबर अखेर: ‘मसाला’ तोडून वाचला, दोनदा पुटपुटला, मग स्वतःच ‘मसाला!’

नोव्हेंबर: ‘लाल गाजर’ला ‘लाल गाडी’ म्हणाला, थांबला, मागे गेला, ‘गाजर’ केलं. कोणी सांगितलं नाही.

ही शेवटची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. मूल स्वतःची चूक स्वतः पकडतं तेव्हा त्याचं डोळ्यांचं काम आणि अर्थाचं काम एकत्र सुरू झालेलं असतं. न्यूझीलंडच्या वाचन-अभ्यासक मेरी क्ले यांनी मुलाशेजारी बसून शब्दागणिक खुणा करत वाचन नोंदवण्याची पद्धत घालून दिली, तीत अशा स्वतः केलेल्या दुरुस्तीची वेगळी खूण असते. त्याच पद्धतीतला एक अंदाज उपयोगी पडतो: शंभरातले नव्वदपेक्षा कमी शब्द बरोबर येत असतील तर तो मजकूर त्या मुलासाठी अवघड आहे, सोपा घ्या. ती पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी बसवलेली आहे, म्हणून मी आकड्याला चिकटून राहत नाही. पण मजकूर बदलायचा की मुलाला दामटायचं, एवढं ठरवायला तो पुरतो.

अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा स्तरांवर आपण मुलं बसवतो. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणातही साधारण असेच स्तर असतात. गट करायला ते चांगले आहेत. पण वरच्या पानावरचा मुलगा ऑगस्टपासून सप्टेंबर अखेरपर्यंत तक्त्यात ‘अक्षर’ स्तरावरच होता. तक्त्यात बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगं हललं नाही. प्रत्यक्षात त्याने जिना सोडला होता, दोन खुणा मिळवल्या होत्या आणि जोडायला सुरुवात केली होती. सगळी वाटचाल दोन स्तरांच्या मध्ये झाली. आणि ‘अक्षरवाली पोरं’, ‘शब्दवाली पोरं’ असं वर्गात मोठ्याने म्हणू नका. मुलं ते घरी जाऊन सांगतात.

या वहीचा दुसरा उपयोग पालकांशी बोलताना होतो. त्या मुलाची आई ऑक्टोबरात आली होती. “बाई, शेजारची पोर पेपर वाचते आणि हा अजून अडखळतो. घरी मारू का जरा?” मी तिच्यासमोर पान उघडलं. “ताई, ऑगस्टात त्याला ‘के’ म्हणायला एवढा वेळ लागायचा. आता बघा, ‘मसाला’ वाचतो.” तिला स्वतःला फार वाचता येत नाही, पण तारखा आणि ओळी बोटाने मोजल्या तिने. मग म्हणाली, “म्हणजे चाललंय ना.” मी तिला एकच काम दिलं: रोज रात्री पुठ्ठ्यावरचे पाच शब्द त्याने तुम्हाला शिकवायचे, तुम्ही त्याच्याकडून शिकायचे. ती दोघं आता ‘तूर’पर्यंत आली आहेत.

सहा आठवडे झाले तरी हललं नाही तर

वरचं सगळं करूनही एखादं मूल तिथेच असतं. यंदा माझ्याकडे एक आहे. चिंचोके बरोबर मांडतो, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतो, अहिराणी आणि मराठी दोन्ही छान बोलतो, पण सोमवारी ओळखलेलं अक्षर गुरुवारी त्याला पूर्ण अनोळखी असतं. डोळे तपासून झाले, ते ठीक आहेत. अशा वेळी आळशी, लक्ष नाही, असं ठरवून टाकू नका आणि स्वतःच निदानही करू नका. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या, विशेष शिक्षकांना बोलवा. येताना ते विचारतील, “काय अडचण आहे?” तेव्हा ‘वाचता येत नाही’ एवढंच सांगाल तर तेही पहिल्यापासून सुरुवात करतील. आमच्याकडे विशेष शिक्षिका आल्या तेव्हा मी त्याची पाच पानं समोर ठेवली. कोणती अक्षरं टिकतात, कोणती जातात, किती दिवसांनी जातात, गिरवल्यावर जातात की मातीने करून बघितल्यावरही जातात, हे त्यात होतं. ती वाचून त्यांनी थेट त्याच्याशेजारी बसकण मारली आणि मातीचा गोळा हातात घेतला. पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा येणार आहेत. तोपर्यंत मी रोज त्याला एकच अक्षर, त्याच्या नावाचं पहिलं, वाळूत काढायला देते आहे, आणि तारीख लिहिते आहे.